अर्ध्या गालाचा चमत्कार

धसईच्या बाजारात त्या दिवशी भेंडीला गिऱ्हाईक नव्हतं, सुक्या बोंबलांना नव्हतं आणि जिलबीलासुद्धा नव्हतं. विकणारे आणि घेणारे दोघेही आपापल्या पाट्या-पिशव्या तशाच टाकून वडाखालच्या मांडवाकडे धावले होते. तिथे एक म्हातारी खुर्चीत बसली होती आणि सगळा बाजार तिच्या डाव्या गालाकडे श्वास रोखून बघत होता.

म्हातारीचं नाव बाळी आजी. वय वर्षं चौऱ्याऐंशी. निदान कर्ण्यावरून तसं सांगितलं जात होतं. चेहरा वाळवून चुरगाळलेल्या आमसुलासारखा. तिच्या बाजूला भगव्या रेशमी कफनीत कायाकल्प महाराज उभे होते. गाल तुकतुकीत, केस काळेभोर, मनगटात सोन्याचं घड्याळ. त्यांचं वय एकशे अकरा, हेही कर्ण्यावरूनच कळलं.

"मातांनो!" महाराज गरजले. "तिकडे अमेरिकेत मडमा तोंडाला काय लावतात?"

मातांना ठाऊक नव्हतं.

"रेटिनॉल! काय लावतात?"

"रेटिनॉल!" माता ओरडल्या.

"रेटिनॉल म्हणजे काय? विटामिन ए! पण ते रसायन. कातडी सोलून निघते. आणि आपल्या ऋषींनी पाच हजार वर्षांपूर्वी हिमालयात बसून काय शोधलं? बावची! रेटिनॉलचा बाप! त्यांच्यात नुसतं विटामिन ए, आपल्या बावचीत ए पासून झेडपर्यंत सगळी!"

टाळ्या पडल्या. मागे उभा असलेला काळूराम मच्छीवाला म्हणाला, "म्हाराज, एकशे अकरा म्हंजे तुमी गोऱ्या सायबाला बघितला असंल?"

"मी त्याला दीक्षा दिली!" महाराज म्हणाले.

मग विधी झाला. महाराजांनी बाटलीतलं बावचीचं काळपट तेल बाळी आजीच्या डाव्या गालावर चोळलं. त्यावर वाफाळत्या पाण्यात बुडवलेला फडका ठेवला. 'छिद्रं उघडायला' एकशे आठ वेळा नामजप झाला. मग महाराजांनी फडका खालून वर असा एकदाच जोरात ओढला.

बाजारातून एकच हुंकार उठला. म्हातारीचा डावा गाल चिकणा झाला होता. उजवा गाल चौऱ्याऐंशीचा, डावा तीस-पस्तिसाचा.

"उरलेला अर्धा तुम्ही घरी करा," महाराज म्हणाले. "रोज सकाळी तेल लावायचं आणि दोन घटका सूर्यनारायणाला तोंड दाखवायचं. सूर्य जेवढा वर, तेवढं तारुण्य खोल!"

बाटल्यांवर उड्या पडल्या. गर्दीच्या कडेला लडकू पेंटर मात्र जागच्या जागी उभा राहिला. पंचावन्न वर्षांचा हा गरीब, बुजरा माणूस. मुरबाडला त्याचं दुकानांच्या पाट्या रंगवायचं काम. चैत्रात गावोगावच्या जत्रांना नाटकं होत, तेव्हा नटांची तोंडं रंगवायचं कामही तोच करी. विशीतल्या पोराला भीष्म करायचा, दोन पोरांच्या बापाला कृष्ण करायचा. त्यामुळे चेहरा दिसला की त्याची नजर आपोआप बारकाव्यांत शिरे. बाळी आजीच्या डोळ्यांखालच्या सुरकुत्या त्याला खटकल्या होत्या. वयाच्या सुरकुत्या हसण्या-रडण्याच्या वाटेने जातात. ह्या आडव्यातिडव्या होत्या, ताणून सोडलेल्या कापडासारख्या. आणि विधी संपल्यावर कुणीतरी आजीला चहा दिला, तेव्हा पदराखालून जो हात बाहेर आला, त्या हाताला एकही सुरकुती नव्हती.

'नाटकात पोरं हीच चूक करतात,' लडकूच्या मनात आलं. 'तोंड म्हातारं, हात कवळे.'

पण तो बोलला नाही. एवढी माणसं बघतायत, त्यात शाळेचे मास्तर आहेत, सरपंच आहेत. आपण पाट्या रंगवणारे, आपल्याला काय कळतंय?

तेवढ्यात त्याची धाकटी बहीण शकू गर्दीतून बाहेर आली. हातात बाटली.

"घेतलीस?" लडकूने विचारलं.

"घेतली. तू काय बोलू नको, दादा."

शकूचं दुखणं त्याला माहीत होतं. तिची मुलगी रुचिता हिचं लग्न वाशिंदच्या प्रणितशी ठरलं होतं. मुलगा कारखान्यात, राहायला नव्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर. सुपारी फुटली त्या दिवशी मुलाच्या मावशीने भर बैठकीत शकूला विचारलं होतं, "तुमी पोरीच्या आजी का?" सगळे हसले. शकूही हसली. घरी आल्यावर मात्र आरसा घेऊन पडवीत किती वेळ बसली होती. वय त्रेचाळीस. त्यातली पंचवीस वर्षं भातलावणी, कापणी आणि वालाच्या मळ्यात डोक्यावर ऊन घेऊन गेलेली. विहीण तिच्याहून चार वर्षांनी मोठी आणि दिसायला दहा वर्षांनी लहान.

"तू हायस तशी बरी हायस," नवरा कुंडलिक म्हणाला होता. तो भातसानगरला धरणावर वॉचमन.

"तुमी गप ऱ्हा. तुमाला धरणाच्या पान्याशिवाय दुसरं काय दिसतंय?"

आता परतीच्या जीपमध्ये शकूने भावाला आपला बेत सांगितला. वाशिंदहून नवऱ्याची उष्टी हळद येईल. ती आली की त्यात ही बाटली ओतायची. आधी रुचिताला लावायची, मग आपण लावून घ्यायची, मग मांडवातल्या सगळ्या बायांना. "लग्नाच्या दिवशी बघू दे त्या मावशीला, कोन आजी आन् कोन नात ते!"

लडकूला त्या तेलाचा भरवसा नव्हता, आणि ते लावून उन्हात बसणं तर मुळीच पटलं नव्हतं. लग्न फाल्गुनातलं, म्हणजे वैशाखाएवढं ऊन नाही. पण दारातला मांडव म्हणजे वर चार टहाळे आणि मधून ऊन. आणि हळद म्हटली की दुपारभर तिथेच नाचायचं.

"शके, निदान तोंडाला नको. आधी हातावर लावून बघ," तो कसाबसा म्हणाला. आयुष्यात त्याने बहिणीला घातलेली ही पहिलीच अट असावी. तिने ती मानली.

तीन दिवसांनी तो तिच्या घरी गेला, तर शकूचा डावा हात कोपरापासून मनगटापर्यंत लालबुंद झालेला आणि त्यावर करवंदाएवढे फोड. तेल लावून ती दोन दिवस वाल तोडायला गेली होती.

"अगो, हे काय?"

"असर होतोय," शकू कळवळत, पण अभिमानाने म्हणाली. "म्हाराजांच्या मानसाला फोन केला. तो बोलला, जुनी कात जळतेय. जेवढे फोड मोठे, तेवढी खालची कात कवळी."

लडकूने तिला जवळजवळ ओढतच मुरबाडला डॉक्टर अनिताबाईंकडे नेलं. बाईंनी हात पाहिला, बाटली हुंगली आणि कपाळाला हात लावला.

"बावचीचं कच्चं तेल. आणि लावून उन्हात गेलात?"

"सूर्याला दाखवायचं असतं ना," शकू म्हणाली.

"सूर्यानेच भाजलंय तुम्हाला." बाईंनी मलमाची पट्टी घेतली. "बावची चांगली वनस्पती आहे. कोडाच्या डागांवर वैद्य ती वापरतात, पण मोजून आणि ऊन सांभाळून. कारण तिच्या बियांत एक द्रव्य असं आहे की ते कातडीवर असताना ऊन लागलं की कातडी होरपळते. लगेच कळत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फोड येतात."

"पन रेटिनॉलचा बाप..."

"रेटिनॉल म्हणजे विटामिन ए-चाच प्रकार. त्याने बारीक सुरकुत्या थोड्या कमी होतात, हे खरं. थोड्या, आणि महिनोन्महिने लावून. कुणाकुणाला ते झोंबतं, म्हणून त्याला वनस्पतीतला पर्याय शोधायची खटपट चालू आहे. बावचीतलं एक वेगळं द्रव्य बाजूला काढूनही लोक तपासतायत. उद्या त्यातून काही चांगलं निघेल, नाहीतर नाहीही. पण बाई, तांदूळ आणि तूस एकाच साळीतून निघतात. कांडून, पाखडून खायचं असतं. या महाराजांनी तुम्हाला तुसासकट चारलंय."

"पन ते झाडाचं हाय. झाडाचं कसं बाधंल?"

"बिब्बा कशाचा असतो?" बाईंनी विचारलं.

शकूने पट्टी बांधायला हात पुढे केला. बिब्बा अंगावर उतला की कसे फोड येतात, ते तालुक्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक.

पण घरी पोचेपर्यंत तिचं पुन्हा सुरू झालं. "डॉक्टरीनबाय शिकलेली हाय, खरं. पन मी माज्या डोल्यांनी बघितलंय, दादा. म्हातारीचा गाल माज्यासमोर तरना झाला. डोले खोटं बोलतात का?"

लडकू मुरबाडच्या आपल्या दुकानात येऊन बसला. हळदीला आठ दिवस उरले होते. मधे एक बाजार. त्याला राहून राहून रुचिताचा चेहरा दिसत होता, तिच्या आईच्या हातासारखा झालेला. आणि तिच्यासोबत मांडवातल्या पंधरा-वीस बायांचे चेहरे. फोड महिन्याभरात बरे होतील, डाग किती महिने राहतील कोण जाणे. पण सांगायचं कसं? तुला फसवलं, असं म्हटलं तर शकू आणखीच हट्टाला पेटेल. शिवाय आपलंच चुकत असेल तर?

शेवटी त्याने बाभळीचा डिंक पाण्यात पातळ केला, आरसा समोर घेतला आणि बोटांनी आपल्या डाव्या गालाचं कातडं कानाकडे ताणून धरलं. त्यावर डिंक फासला, पतंगाचा पातळ कागद चिकटवला, पुन्हा डिंक, आणि पंख्यासमोर बसून सुकवला. मग ताण सोडला. गाल चुरगळून आत बसला. वरून त्याने कातडीच्या रंगाचा हात फिरवला, घळींमध्ये किंचित काजळी भरली. आरशात अर्धा लडकू नव्वदीचा झाला.

"मामा!" दारात रुचिता उभी होती. ती आधी किंचाळली, मग पोट धरून हसली. "आयशप्पथ! हेच केलेलं का त्या म्हाराजांनी?"

लडकूने ओला फडका गालावर दाबला. डिंक विरघळला, कागद लगद्यासारखा निघून आला. रुचिताचं हसू थांबलं.

"म्हंजे म्हातारीला तरणी नाय केली," ती सावकाश म्हणाली. "तरणीला आधी म्हातारी केली."

"मला तसं वाटतंय. नक्की नाय सांगत."

"मामा, तू कधी नक्की सांगशील? माज्या हळदीनंतर?" तिने खुर्ची ओढली आणि तोंड पुढे केलं. "हे घे. बाजाराच्या दिवशी कर मला म्हातारी. अख्खी. आईला मी सांगते, मैत्रिणीकडे जातेय."

पुढच्या बाजाराच्या दिवशी शकू सकाळच्याच जीपने धसईला गेली. हळदीसाठी आणखी दोन बाटल्या हव्या होत्या. डाव्या हाताला पट्टी होतीच, ती पदराखाली झाकलेली. मांडवाशी पोचली तर समोरून लडकू येताना दिसला. त्याच्या हाताला धरून नऊवारीतली एक कंबरेत वाकलेली म्हातारी चालत होती. मान लटलट हलत होती. लडकूने ह्या वेळी मानही रंगवली होती आणि हातही.

"दादा, कोन रं ही?"

"लांबच्या नात्यातली हाय," लडकू खाली बघत म्हणाला. खोटं बोलताना त्याचे कान लाल होत.

शकूने पदर सावरला आणि वाकून म्हातारीच्या पायांना हात लावला. "आजी, माज्या रुचिताचं लगीन हाय. आशीर्वाद दे."

म्हातारीला एकदम खोकल्याची उबळ आली. बराच वेळ पदर तोंडाशी धरून ती गदगदत राहिली.

मांडवात गर्दी मागच्यापेक्षा दुप्पट होती. ह्या वेळच्या म्हातारीचं नाव सकुबाई होतं, वय एक्याण्णव. नाव आणि वय नवीन, हात मात्र गेल्या बाजारचेच. ती खुर्चीत बसणार, इतक्यात लडकूने आपली म्हातारी पुढे केली.

"म्हाराज, आधी हिला करा. लई लांबून आलीय."

"करा म्हाराज!" गर्दी ओरडली. "तुमी आनलेली नको, आमची करा!" हा आवाज काळूरामचा होता.

महाराज हसतमुखाने पुढे आले. त्यांनी सराईतपणे म्हातारीच्या गालावर अंगठा फिरवला, आणि त्यांचं हसू जागच्या जागी वाळलं. डिंकाची ओळख त्यांना डिंक लावणाऱ्याइतकीच होती.

"हिचं कर्म फार जड आहे," ते घाईने म्हणाले. "हिच्यावर बावची चालणार नाही."

"झेडपर्यंत विटामिनं असून नाय चालनार?" काळूरामने विचारलं.

"एक्केचाळीस दिवस अनुष्ठान करावं लागेल!"

लडकूने पिशवीतून थर्मास काढला. "मग... मग मी करू का? माझ्याकडे तेल नाय. नुसतं पानी हाय. गरम."

कुणी हो म्हणायच्या आत त्याने फडका भिजवून म्हातारीच्या तोंडावर ठेवला. नामजप नाही, मंत्र नाही. काळूरामने मोठ्याने आकडे मोजले. साठापर्यंत आल्यावर लडकूने फडका एकदा, दोनदा, तीनदा फिरवला. महाराज अर्धा गाल करत, त्याने अख्खं तोंड केलं. म्हातारीने कंबर सरळ केली, डोक्यावरचा पांढरा टोप काढला आणि काळी लांब वेणी पाठीवर टाकली.

"आई," रुचिता म्हणाली, "आशीर्वाद दिला गो तुला. आता उठ."

शकू मटकन खाली बसली होती. पोटच्या पोरीच्या ती पाया पडली होती. वीस वर्षं रोज बघितलेला चेहरा दोन हातांवर होता आणि तिला ओळखू आला नव्हता. डोळ्यांनी बघितलं, डोळ्यांनी बघितलं म्हणून ती आठ दिवस भावाशी भांडली होती. तेच हे डोळे.

खरी गंमत पुढे झाली. गर्दी लडकूच्या पायांवर कोसळली. "नुसत्या पान्यानं! अख्खं तोंड!" "लडकूबाबा, माज्या सासूला करा!" एका बाईने तर डबा पुढे केला. "थोडं पानी द्या बाबा!"

"अगो बाय, ते बोअरिंगचं पानी हाय!" लडकू ओरडला. आयुष्यात तो इतक्या मोठ्याने कधी बोलला नव्हता.

"कुठल्या बोअरिंगचं?" बाईने विचारलं.

मग रुचितानेच फडक्यातला कागदाचा लगदा वर धरला. "हा बघा! पतंगाचा कागद! आणि डिंक! कातडं ताणून चिकटवायचं, सुकवायचं, सोडायचं. झाली म्हातारी. पानी लावायचं, निघाली तरणी. तेलाचा काय संबंध नाय. काम करतो तो ओला फडका. मामानं मला सकाळी म्हातारी केली, यांनी ह्या बाईला." ती खुर्चीशेजारच्या बाईकडे वळली. "सकुबाई आजी, हात बघू."

बाईने हात पदरात ओढले. मग तिलाच कंटाळा आला असावा. "घे, बघ," ती म्हणाली. "मी छत्तीसची हाय. सकाळी सकाळी तोंडाला डिंक फासून बसावं लागतं, नीट चहापन पिता येत नाय. मी काय हौसेनं करते का?"

महाराजांना अचानक नाशिकचं अनुष्ठान आठवलं. एकशे अकरा वर्षांचा मनुष्य कफनी वर धरून ज्या वेगाने जीपकडे गेला, तो पाहून मात्र बावचीत काहीतरी असावं असं वाटलं. आणि सांगायला लाज वाटते, पण सांगितलं पाहिजे: जीप सुरू होईपर्यंत तीन बायांनी त्याच्याकडून उरलेल्या बाटल्या स्वस्तात घेतल्या. त्यातली एक म्हणत होती, "म्हातारी खोटी असंल, तेल कशाला खोटं असंल?"

ते ऐकलं आणि शकू उठली. धक्के देत ती खुर्चीपाशी गेली, खुर्चीवर चढली आणि डाव्या हाताची पट्टी सोडली. फोड फुटून खालचं मांस लाल दिसत होतं, कडेने काळे चट्टे पडायला लागले होते. पुढच्या बाया मागे सरकल्या.

"तेल खोटं नाय," शकू म्हणाली. "तेल खरं हाय. हे बघा किती खरं हाय. मी ते हळदीत कालवून माज्या पोरीच्या तोंडाला लावनार होते." तिने हात आणखी वर धरला. "दादानं हातावर लावायला सांगितलं म्हनून हात गेला. तोंड वाचलं. चमत्कार बघितला, विचारलं काय नाय. यात काय हाय, नाय विचारलं. उन्हात काय व्हतं, नाय विचारलं. मागच्या बाजारची म्हातारी आता कुठं हाय, तेपन नाय विचारलं. तुमी विचारा. मला लाज वाटली तरी चालंल, तुमी विचारा."

बाटल्या घेतलेल्या तिघींपैकी दोघींनी त्या वडाच्या बुंध्याशी ठेवल्या. तिसरी बाटली घेऊन घरी गेली. इतकंच झालं. जे झालं नाही ते झालं असं लिहिण्यात अर्थ नाही.

रुचिताची हळद ठरल्या दिवशी लागली. वाशिंदची उष्टी हळद पितळी वाटीतून आली आणि तिच्यात शकूने काही म्हणजे काही घातलं नाही. हळद घेऊन आलेल्या प्रणितच्या मावशीने पर्समधून कसलीशी ट्यूब काढली. "ही लावा वरून, पूर्ण हर्बल आहे, काही होत नाही."

"कशाची हाय?" शकूने विचारलं.

"वनस्पतींची."

"कुठल्या? उन्हात चालती का? आदी कुनाला लावून बघितलीय, त्या बाईला आमी भेटू शकतो का?"

मावशीने ट्यूब उलटसुलट करून वाचून पाहिली. मग ट्यूब पर्समध्ये परत गेली. मांडवात ऊन आलं होतं, बाया पिवळ्या हातांनी नाचत होत्या आणि रुचिताच्या गालावर हळदीशिवाय काही नव्हतं.

वयाने कातडीला सुरकुत्या पडतात, ऊन लागलं तर जरा लवकर पडतात. त्या कमी करायची इच्छा असणं हा काही गुन्हा नाही. बावची दोषी नाही, विटामिन ए दोषी नाही, आणि हौस तर मुळीच नाही. पण ऋषींचं नाव घेऊन, अमेरिकेचं नाव घेऊन, नाहीतर नुसतं झाडपाल्याचं नाव घेऊन कुणी बाटली पुढे केली, तर हात पुढे करण्याआधी तोंड उघडा. यात काय आहे, ते कुणी तपासलं, कशाने बाधतं, हे तीन प्रश्न विचारायला शिक्षण लागत नाही. ज्याच्याकडे उत्तरं आहेत तो चिडणार नाही. जो चिडेल, त्याच्याकडून काही घेऊ नका.